कल्पित टेरोसॉर कसा घडवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांनी मला आपल्या कल्पित टेरोसॉरचं चित्र पाठवायचं आणि खाली एकच ओळ, "हा उडेल का?" अशा चित्रांना तेच तेच उत्तर लिहून कंटाळले, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. उदाहरणासाठी माझंच एक अर्धवट जनावर घेतलं आहे, त्याचं नाव चोरबगळा. तो कधीच नव्हता. पण त्याच्या भोवतालच्या नद्या, घरटी, साप आणि लाव्हा हे सगळं खरं आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

1. टेरोसॉर म्हणजे उडणारे डायनोसॉरच ना?

नाही, डायनोसॉरचे चुलत. दोघांचा पूर्वज एकच, पण घर लवकर वेगळं झालं. टेरोसॉर सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीपासून दिसतात आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपतात. पक्षी हे मात्र खरोखर डायनोसॉरच्या घरातले. म्हणून 'टेरोसॉरपासून पक्षी झाले' अशी गोष्ट रचू नका, तिथेच जाणकार वाचक पान उलटतो. 'टेरोडॅक्टिल' हे नावही सरसकट वापरू नका. ते जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडलेल्या एका लहानशा प्राण्यामुळे रूढ झालं. 1784 मध्ये कोलिनीने त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा तो त्याला समुद्रातला प्राणी वाटला. उडणारा सरीसृप म्हणून त्याला ओळखलं ते क्युव्हिएने, 1801 मध्ये.

2. मग हे ड्रॅगन काढण्यापेक्षा वेगळं कसं? शेवटी दोन्ही मनाचेच खेळ.

ड्रॅगनला आईबाप लागत नाहीत, याला लागतात. कल्पित उत्क्रांतीत कोणताही अवयव आभाळातून पडत नाही. तो आधीच्या कुठल्या तरी अवयवातून यावा लागतो, आणि मधल्या प्रत्येक पिढीला जगता आलं पाहिजे. चार पाय आणि पाठीवर दोन पंख हे म्हणूनच बाद. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना चारच अवयव मिळाले. पंख हवा असेल तर हात द्यावा लागतो. पक्ष्यांनी दिला, वटवाघळांनी दिला, टेरोसॉरांनीही दिला.

माझ्या पहिल्या चित्रात सहा अवयव होते. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय, नव्याने येणाऱ्यांना धीर यावा म्हणून.

3. सुरुवात कुठून करू? मला आधी डोक्यावरचा तुरा सुचतो.

सगळ्यांना आधी तोच सुचतो. आधी पोटोबा, मग विठोबा. पहिल्यांदा जागा आणि काळ ठरवा, मग तिथलं अन्न, मग त्या काळी हयात असलेलं एखादं खरं घराणं पूर्वज म्हणून निवडा. तुरा सर्वांत शेवटी (प्र. 9).

चोरबगळ्याची जागा म्हणजे क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरीचा भारत. तेव्हा तो एक भलं मोठं बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटून तो उत्तरेकडे सरकत होता. त्या काळच्या नद्या-तळ्यांचा गाळ आज 'लामेटा' खडक म्हणून ओळखला जातो. जबलपूरला तो आहे, गुजरातेत आहे आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला लांब मानेचा इसिसॉरस हा डायनोसॉर सापडला. जवळच्याच पिसदुऱ्याला डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडली आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले. म्हणजे त्या काळी गवत होतं, याचा पुरावा आपल्या विदर्भातल्या शेणाने दिला.

गुजरातेत याच खडकांत डायनोसॉरांची घरटी आहेत. धोळी डुंगरीच्या एका घरट्यात सनाजे नावाचा साडेतीन मीटरचा साप नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाशेजारी वेटोळं घालून बसलेला सापडला, तसाच दगड होऊन. हे वाचलं त्या रात्री चोरबगळा जन्मला. घरट्यावर साप टपून बसत असेल, तर वरूनही कुणी टपून बसत असेलच. पूर्वज म्हणून ॲझ्डार्किड घेतले. हे लांब मानेचे, बिनदाताचे टेरोसॉर. करकोच्यासारखे चालत चालत जमिनीवरचं भक्ष्य टिपणारे, असं मार्क विटन आणि डॅरेन नेश यांनी 2008 मध्ये मांडलं. पंखांचा पसारा ठरवला साडेतीन मीटर.

4. पंखाला एकच बोट का? दोन-तीन दिली तर मजबूत होणार नाही का?

होईल, पण मग ते वटवाघूळ होईल. वटवाघळाचा पंख छत्रीसारखा, बऱ्याच काड्यांवर ताणलेला. टेरोसॉरचा पंख एकाच काडीवर आहे, ती काडी म्हणजे चौथं बोट. या बोटाला नख नसतं. पहिली तीन बोटं लहान, नखांची, आणि पंखाच्या मधोमध मोकळी. मनगटापाशी टेरॉइड नावाचं आणखी एक हाड असतं, ते दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही. खांद्यापासून मनगटापर्यंतचा पुढचा छोटा पडदा त्याने पेलला जाई. चित्रात हे हाड विसरणारे शंभरात नव्वद.

मग एका काडीवर एवढा पडदा फडफडत कसा नाही? हे समजायला मी घरी पतंगाचा कागद आणि बांबूच्या काड्या घेऊन बसले. नुसता कागद एका काडीला चिकटवून पंख्यासमोर धरला तर मागची कड टरटरते, दोन मिनिटांत फाटते. त्याच कागदावर दोऱ्याचे बारीक तुकडे समांतर चिकटवले आणि पुन्हा धरला, तर टरटर बरीच कमी झाली. टेरोसॉरच्या पडद्यातही असे बारीक ताठ धागे होते, त्यांना ॲक्टिनोफायब्रिल म्हणतात. शिवाय पडद्यात स्नायूंचे थरही होते, म्हणजे त्याचा ताण कमीजास्त करता येत असावा. तो नुसता ताणलेला चामड्याचा तुकडा नव्हता.

बदल करायचाच असेल तर पहिल्या तीन बोटांत करा, तिथे वाव आहे. निक्टोसॉरसने ती जवळजवळ सोडूनच दिली. उलट, 2021 मध्ये चीनमधल्या कुनपेंगॉप्टेरसच्या एका जातीत समोरासमोर येणारा अंगठा सापडला, झाडावर पकड घेण्यासाठी.

5. पडदा मागे कुठे जोडू? कमरेला, गुडघ्याला की घोट्याला?

मऊ भाग टिकलेल्या जीवाश्मांवरून पायाच्या खालच्या भागापर्यंत, घोट्याच्या आसपास, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कमरेला जोडलेला अरुंद पंख जुन्या चित्रांत दिसतो. हा प्रश्न बारीक वाटतो, पण प्र. 12 आणि 14 ची उत्तरं यावरच उभी आहेत.

6. किती मोठा करता येईल? माझ्या कथेत 21 मीटर हवा आहे.

हिशेब करून पाहू. चोरबगळ्याचा पसारा 3.5 मीटर, वजन मी 9 किलो धरलं आहे. सगळी मापं दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. 7 मीटरला 72 किलो. तिप्पट केलं तर 10.5 मीटरला 243 किलो. हे अगदीच हवेतलं नाही. टेक्ससमध्ये 1971 साली डग्लस लॉसनला सापडलेल्या क्वेत्झलकोॲटलसचा पसारा 10 ते 11 मीटर आणि वजन दोनशे ते अडीचशे किलो धरलं जातं.

आता सहापट करा, म्हणजे तुमचे 21 मीटर. वजन 1944 किलो. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार सहापट, त्यामुळे हवेत टिकायला लागणारा कमीत कमी वेग जवळजवळ अडीचपट. उतरताना तोच वेग पायांनी झेलायचा. हाडं तर पोकळ, भिंती एखाददोन मिलिमीटरच्या. पहिल्याच उतरणीला जनावर गेलं.

'पण माझ्या जगात हवा दाट आहे,' असं कुणी म्हणतं. चालेल. मात्र हवा दाट केलीत तर प्रत्येक किडा, प्रत्येक आग आणि प्रत्येक फुप्फुस बदलावं लागेल. एका जनावरासाठी अख्खं जग पुन्हा मांडायची तयारी आहे का, ते आधी पाहा.

7. एवढं जड धूड जमिनीवरून उठणार कसं? कड्यावरून उडी मारूनच ना?

कड्याची गरज नाही. ही कल्पना पक्ष्यांवरून आली. पक्षी पायांनी उडी मारतो आणि मग पंख हलवतो. म्हणजे उडण्याचे स्नायू वेगळे, उडी मारण्याचे वेगळे, आणि हवेत गेल्यावर पायांचं वजन फुकट वाहायचं. माळढोकासारखा जड पक्षी म्हणूनच हवेत शिरायला कष्ट घेतो.

टेरोसॉर चार पायांवर चालत. हे त्यांच्या पावलांच्या ठशांवरून पक्कं झालं: मागच्या पायाचा लांबट ठसा आणि पुढे हाताच्या तीन बोटांचा, बाहेरच्या बाजूला वळलेला. फ्रान्समधल्या क्रेसॅकला तर एक टेरोसॉर उतरून दोन पावलं अडखळला आणि मग चालू लागला, असे ठसे आहेत. 2008 मध्ये मायकल हबीब यांनी मांडलं की उडीही चारही पायांनी मारली जात असावी. रक्त पिणारं वटवाघूळ आजही तसंच उडतं. ज्या स्नायूंनी पंख हलतो त्यांनीच उडी मारली जाते, म्हणून टेरोसॉर पक्ष्यांपेक्षा कितीतरी मोठे होऊ शकले.

डिझाइन करताना याचा अर्थ असा की पुढचे हात दणकट हवेत आणि मागचे पाय तुलनेने बारीक चालतात. शहामृगाच्या मांड्या देऊ नका.

8. चोच आणि दात कसे ठरवायचे?

भक्ष्याच्या आकारावरून. खरी उदाहरणं इतकी चमत्कारिक आहेत की कल्पनेला लाज वाटावी. अर्जेंटिनाच्या टेरोडॉस्ट्रोच्या खालच्या जबड्यात केसांसारखे जवळजवळ हजार दात होते, पाणी गाळून खायला. झुंगारिप्टेरसची चोच टोकाला वर वळलेली आणि मागे बोथट दात, शिंपले फोडायला. अनुरोग्नॅथसचं तोंड बेडकासारखं रुंद, उडते किडे पकडायला.

चोरबगळ्याचं तोंड मी आधी चुकवलं होतं. चोच झकास लांब काढली, पण घशाची रुंदी मोजलीच नाही. बिनदाताच्या प्राण्याला भक्ष्य अख्खं गिळावं लागतं. त्या घरट्यांतलं अंडं 15 ते 20 सेंटिमीटर व्यासाचं, ते याच्या घशात जाणं शक्य नाही. सनाजेचाही जबडा अंडं गिळण्याइतका उघडत नव्हता, तो पिल्लू बाहेर यायची वाट पाहत असावा. मग माझ्या चोरालाही वाटच पाहावी लागली. पण सुमारे अर्ध्या मीटरचं पिल्लू तरी कसं गिळणार? पर्याय दोनच, एक तर डोकं रुंद करायचं, नाही तर भक्ष्य लहान करायचं. मी डोकं थोडं रुंद केलं, आणि पिल्लू अख्खं न गिळता आपटून त्याचे लचके तोडायची सवय त्याला दिली.

त्यानंतर माझ्या भाच्याने विचारलं, "आत्या, घरटी नसतात तेव्हा तो काय खातो?" याला उत्तर नव्हतं. अंड्यांचा हंगाम थोडाच काळ. उरलेलं वर्ष बेडूक, सरडे, कासवांची पिल्लं, असं काहीबाही पकडणारा प्राणीच तिथे टिकेल. म्हणजे चोरबगळा मुळात साधा बगळाच, चोरी हंगामी. जनावराचं नाव त्याच्या पोटाबद्दल खोटं बोलत होतं, पण नाव आता बदलवत नाही.

9. आता तरी तुरा काढू का?

काढा. पण कुणाला आणि का, ते ठरवून. टेरानोडॉनच्या नरांना मोठा तुरा, माद्यांना आखूड, आणि माद्या आकाराने बऱ्याच लहान. चीनमध्ये अंड्यासकट सापडलेल्या डार्विनॉप्टेरसच्या मादीला तुरा नव्हताच. म्हणजे तुरा मुख्यतः मिरवायचा. 'तो सुकाणू होता' हे कारण फार लोकप्रिय आहे, पण मग माद्या सुकाणूशिवाय कशा उडत होत्या? निक्टोसॉरसचा हरणाच्या शिंगासारखा दुभंगलेला तुरा डोक्याच्या कितीतरी पट लांब होता. त्यावर शिडासारखा पडदा ताणायचा मोह सगळ्यांना होतो, पण तसा पुरावा नाही.

10. अंगावर खवले, केस की पिसं? रंग कोणता देऊ?

लव द्या. 1971 मध्ये शारोव यांनी कझाकस्तानातल्या सॉर्डेसचं वर्णन केलं, त्याच्या अंगावर दाट लव होती. या तंतूंना पिक्नोफायबर म्हणतात. 2022 मध्ये ब्राझीलच्या ट्युपॅनडॅक्टिलसच्या तुऱ्याजवळ फाटे फुटलेली पिसासारखी रचना आणि वेगवेगळ्या आकारांचे रंगकण आढळले. म्हणजे रंगांचे ठिपके-पट्टे द्यायला मोकळीक आहे. मी मात्र चोरबगळ्याला धुळकट मातीचा रंग दिला. चोराने भडक कपडे घालू नयेत.

11. पिल्लांना आई भरवते असं दाखवलं तर?

जपून. टेरोसॉरांची अंडी मऊ, कातडी कवचाची होती. शिनजियांगमध्ये हॅमिप्टेरसची दोनशेहून जास्त अंडी एकत्र सापडली. अंड्यातल्या पिल्लांची पंखांची हाडं पाहून बरेच अभ्यासक म्हणतात की पिल्लं फार लवकर उडू लागत. किती लवकर, यावर वाद आहे.

हा मुद्दा बहुतेक जण एका ओळीत उरकतात, पण सगळ्या प्रकल्पाची गोम इथेच आहे. पिल्लू स्वतः उडून स्वतः खात असेल, तर एकाच जातीचे लहान, मध्यम आणि मोठे सदस्य वेगवेगळं अन्न खातात. चोरबगळ्याचं चिमणीएवढं पिल्लू किडे खाईल, कावळ्याएवढं झाल्यावर बेडकांची पिल्लं, आणि वाढल्यावर घरटी लुटेल. म्हणजे एकाच जातीने तीन-चार जातींच्या जागा अडवल्या. तुम्ही त्याच दलदलीत आणखी पाच लहान टेरोसॉर घातले असतील, तर ते कोणाच्या ताटातलं खाणार? झोल्नहोफेनच्या ऱ्हॅम्फोरिंकसची लहान-मोठी पिल्लंसुद्धा पूर्वी वेगवेगळ्या जाती समजली जात. 1995 मध्ये ख्रिस्तोफर बेनेट यांनी ती एकाच जातीची वाढ असल्याचं दाखवलं.

12. न उडणारा टेरोसॉर का नाही? पक्ष्यांत तर डझनभर आहेत.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. पक्ष्याचे पंख आणि पाय वेगळे. पंख आखडले तरी पाय धावतात. टेरोसॉरमध्ये एकच पडदा हात आणि पाय दोघांना बांधतो (प्र. 5), चालायचं तर घडी घातलेल्या पंखावरच, आणि पिल्लं उडण्याच्याच तयारीने जन्मतात (प्र. 11). उडणं सोडायचं तर चालणं, वाढणं, खाणं हे सगळं एकदम मोडून पुन्हा जोडावं लागेल. वटवाघळांची गतही तीच. न्यूझीलंडचं आखूड शेपटीचं वटवाघूळ जमिनीवर पाचोळ्यात शोधाशोध करत हिंडतं, तरी त्याने उडणं सोडलेलं नाही.

अशक्य म्हणणार नाही. करायचंच असेल तर पिल्लू उडतं आणि प्रौढ जमिनीवर बसतो, असं मधलं पाऊल घ्या. पण त्यासाठी मोठे शिकारी नसलेलं बेट लागेल.

13. मग माझा टेरोसॉर बेटाचा राजा असू शकेल?

खऱ्या जगात एक झाला. आजच्या रुमानियात, तेव्हाच्या हात्सेग बेटावर, हॅट्झेगॉप्टेरिक्स होता: जाडजूड मान, रुंद कवटी, पसारा दहा मीटरच्या आसपास. तिथे मोठे मांसाहारी डायनोसॉर सापडत नाहीत. वासरात लंगडी गाय शहाणी. भारतात मात्र राजासॉरस होता, सहा-सात मीटरचा. त्याच्या राज्यात चोरबगळा चोरच राहणार. आपल्या बेटावर आधीपासून कोण बसलंय, ते पाहिल्याशिवाय मुकुट वाटू नका.

14. पेंग्विनसारखा पोहणारा?

पेंग्विनचा पंख आखूड, ताठ वल्ह्यासारखा आहे. टेरोसॉरचा लवचीक पडदा पाण्यात ओढ लावेल. त्याआधी बोट आखूड, पडदा अरुंद आणि हाडं जड व्हायला हवीत, आणि हे होत असताना मधली पिढी धड उडणार नाही, धड पोहणार नाही. पृष्ठभागावर बसून मासे टिपणारा मात्र सहज जमेल.

15. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या संकटातून मला एक जात वाचवायची आहे. कोणती?

लहान, आणि गोड्या पाण्याकाठची. संकट म्हणजे लघुग्रह आदळला आणि धुळीने ऊन अडलं, ते. मोरोक्कोतल्या फॉस्फेट खाणींतून 2018 मध्ये जाहीर झालेल्या जीवाश्मांवरून दिसतं की शेवटच्या काळातही टेरोसॉरांची निदान तीन घराणी टिकून होती. ते आधीच मरणपंथाला लागले होते, हे जुनं म्हणणं आता पूर्वीइतकं पटत नाही. पण समुद्रावरचे आणि मोठे यांना वाचवायला कारण सापडत नाही. नद्या-तळ्यांतल्या मगरी, कासवं, बेडूक मात्र पार झाले. तिथली अन्नसाखळी बरीचशी कुजलेल्या पालापाचोळ्यावर चालते, झाडांनी ऊन खाल्लं नाही तरी काही काळ टिकते.

मी चोरबगळ्याचा दीड मीटर पसाऱ्याचा एक पुतण्या वाचवला. दख्खनच्या ज्वालामुखींतून लाव्हाचे थर साचत असताना मधल्या काळात तळी होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून छोट्या बेडकांचे जीवाश्म निघाले आहेत. पुतण्याला ते बेडूक दिले. पुढे त्याला पक्ष्यांशी झगडावं लागेल आणि रात्री उडायचं ठरवलंच तर सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वीपासून वटवाघळांशी.

16. महाराष्ट्रात खरा टेरोसॉर सापडलाय का?

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या ज्युरासिक काळच्या कोटा खडकांतल्या तुकड्यांना 1974 मध्ये एस. एल. जैन यांनी कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस असं नाव दिलं. पुढे ते तुकडे टेरोसॉरचे आहेत का, यावरच शंका घेतली गेली. म्हणून 'विदर्भातला टेरोसॉर' असं छातीठोक लिहू नका. इतकी पातळ हाडं (प्र. 6) टिकणंच कठीण. चोरबगळा कुठल्या हाडावर आधारलेला नाही, फक्त जागेवर आधारलेला आहे.

17. शास्त्रीय नाव कसं ठेवू?

लॅटिन मोडून-तोडून लावू नका. कोटा खडकांतल्याच बारापासॉरसचं नाव 'मोठा पाय' या अर्थाच्या बंगाली शब्दांवरून आहे, इसिसॉरसचं भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. मराठीतून नाव घ्यायला कुणाची हरकत नाही. फक्त ते खऱ्या प्राण्याचं नाही ना, एवढं तपासा, आणि चित्राखाली 'कल्पित' असं ठळक लिहा. दोनदा मी माझंच चित्र 'भारतात सापडलेला टेरोसॉर' म्हणून व्हॉट्सॲपवर परत आलेलं पाहिलंय.

18. उद्या नवा जीवाश्म निघाला आणि माझं डिझाइन चुकीचं ठरलं तर?

ठरेलच. डार्विनॉप्टेरस येईपर्यंत कुणी चितारलं नव्हतं की नव्या घडणीचं लांब डोकं आणि मान जुन्या, लांब शेपटीच्या धडावर बसेल. लोकांची कल्पना होती की सगळे अवयव हळूहळू, बरोबरीनेच बदलले असतील. चोरबगळ्याची मान मी आतापर्यंत दोनदा बदलली. जुनी चित्रं फाडली नाहीत, मागच्या बाजूला तारखा लिहून ठेवल्यात.